कानातला तास

कॉलेजातला सकाळचा पहिला तास हा सांगली-मिरजेतल्या मुलांचा तास असतो. ढालगाव-आरेवाडीकडनं येणारी मुलं त्या वेळेला कवठेमहांकाळच्या स्टँडवर तरी असतात, नाहीतर मिरजेच्या वाटेवर खिडकीला डोकं टेकून पेंगत तरी असतात. हजेरीच्या वहीत त्यांच्या नावापुढं लाल खूण पडते. त्या खुणेत अंतर किती, घरची पहाटेची धार किती आणि साखरझोप किती, हे वहीला कळायचं काही कारण नाही.

मी अर्थशास्त्र शिकवते. लॉकडाउनमध्ये सगळ्यांनी केलं तेच मीही केलं होतं, फोनपुढं बोलून धडे व्हॉट्सॲपच्या गटावर टाकले होते. वर्ग पुन्हा भरायला लागल्यावर ते प्रकरण संपलं असं मी धरून चालले. मग एक मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन म्हणाली, "मॅडम, ते ऑडिओ बंद केलासा काय? बसमध्ये बरं पडत हुतं." हिचा गाव ढालगावच्याही पलीकडं. दिवसातले तीनेक तास ती बसमध्ये काढते, आणि बसमध्ये वही उघडली की तिला मळमळतं. पुस्तक चालत नाही, व्हिडिओ बघायला रेंज नाही. कान तेवढे रिकामे.

तेव्हापासून हे चालू आहे. एका भागाला पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. एकाच आवाजाचं बोलणं असल्यामुळं साध्या दर्जात, म्हणजे 64 केबीपीएसला, फाइल जेमतेम सात एमबीची होते. तेवढ्याच लांबीच्या व्हिडिओला याच्या दहापट तरी डेटा जातो आणि त्यात दिसतं काय, तर माझं तोंड. मुलं रात्री घरी किंवा स्टँडवर रेंज असेल तिथं भाग उतरवून घेतात आणि वाटेत ऐकतात.

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे आमचं झोपायचं घर. कपाटाची दोन्ही दारं उघडून साड्यांकडं तोंड करून बोललं की आवाज घुमत नाही, ही युक्ती मला एका विद्यार्थ्यानंच शिकवली. पंखा बंद, कुकर उतरलेला, घरातल्यांना ताकीद. एवढं सगळं जमवून आणलं की बाहेरून उसाची ट्रॉली जाते. गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या रस्त्यावरनं जाणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरला एकवेळ दिवा नसेल, पण स्पीकर असतो. मागणीच्या लवचिकतेवरच्या एका भागात तीनशे मीटर अंतरावरनं येणारं आणि जाणारं एक अख्खं गाणं आहे. ते मी कापलं नाही. मुलांना म्हणे तोच भाग सगळ्यात जास्त लक्षात राहिला.

आता प्रश्न असा, की याचा उपयोग होतो का? मुलांना विचारलं तर ती "भारी वाटतं" म्हणतात. पण भारी वाटणं आणि कळणं यांचं नातं फार लांबचं आहे. याच प्रश्नावर अमेरिकेत झालेले दोन अभ्यास मला शेजारी शेजारी ठेवून वाचावेसे वाटतात, कारण वरवर पाहता ते एकमेकांच्या तोंडावर मारणारे आहेत.

पहिला 2009 सालचा, न्यूयॉर्क राज्यातल्या फ्रेडोनिया इथला. मानसशास्त्राचा एकच धडा. काही मुलांनी तो वर्गात बसून ऐकला, काहींनी पॉडकास्ट म्हणून. स्लाइडची छापील पानं दोघांनाही दिली होती. चाचणीत पॉडकास्टवाल्यांना सरासरी 71 गुण पडले आणि वर्गात बसलेल्यांना 62. बघा, म्हणून टाळ्या वाजवायच्या आधी त्यातली बारीक गोष्ट पाहायला हवी. पॉडकास्ट ऐकणाऱ्यांतही पुढं गेली ती मुलं ऐकताना टिपणं काढणारी होती. नुसती ऐकून सोडून देणारी नव्हती.

दुसरा लगेच पुढच्या वर्षीचा, 2010 चा, डॅनियल आणि वुडी या दोघांचा. इथं पॉडकास्टची तुलना वर्गाशी नव्हती, छापील मजकुराशी होती. एका गटाला लेख वाचायला दिला, दुसऱ्याला तोच मजकूर ऐकायला. वाचणाऱ्यांना 81 टक्क्यांच्या आसपास गुण, ऐकणाऱ्यांना 59. एवढी दरी म्हणजे आमच्याकडं विशेष प्रावीण्य आणि थोडक्यात प्रथम वर्ग हुकलेला द्वितीय वर्ग.

मला यात भांडण दिसत नाही. ऐकलेला धडा वर्गातल्या धड्याच्या जागी उभा राहू शकतो, क्वचित पुढंही जातो, कारण वर्गात मॅडमना मागं ओढून पुन्हा बोलायला लावता येत नाही. पण छापील पानाच्या जागी तो उभा राहत नाही. पान वाचताना डोळा अडतो, मागं जातो, एका ओळीवर रेंगाळतो, आणि यातलं काहीच आपल्याला मुद्दाम करावं लागत नाही. ऐकताना आवाज पुढं जात राहतो. समजलं नाही तरी पुढचं वाक्य येतंच, आणि आवाज ओळखीचा असला की समजल्यासारखं वाटत राहतं. हे 'समजल्यासारखं' फार फसवं असतं. भर म्हणून मुलं दीडपट, दुप्पट वेगानं ऐकतात. व्हॉट्सॲपनं ती सोय 2021 मध्ये दिली आणि परीक्षेच्या आदल्या रात्री माझा आवाज गावोगाव किलबिलायला लागला. एकानं तर वर्गात हात वर करून सांगितलं, "मॅडम, तुमी वर्गात लय हळू बोलताय."

म्हणून आता प्रत्येक भागात मी ऐकणाऱ्याला अडवते. कसं ते एका धड्यावरनं सांगते, कारण त्या धड्याची पुढं जी गंमत झाली ती सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

शेतमालाच्या भावाचा एक सिद्धान्त आहे, कोळ्याच्या, म्हणजे भिंतीवरच्या कोळी किड्याच्या, जाळ्याचा. निकोलस कॅल्डॉर या अर्थशास्त्रज्ञानं 1934 मध्ये त्याला हे नाव दिलं. सांगलीत तो शिकवायला हळदीइतकं सोयीचं उदाहरण नाही. यंदा हळदीला भाव चांगला मिळाला, की लोक मे-जूनमध्ये जास्त हळद लावतात. पीक निघायला आठ-नऊ महिने लागतात. सगळ्यांची हळद एकदम मार्केट यार्डात येते, भाव पडतो. भाव पडला म्हणून पुढच्या वर्षी लोक कमी लावतात, मग माल कमी, भाव पुन्हा वर. हे आलेखावर काढलं तर रेघ गोल गोल फिरत जाते आणि जाळं तयार होतं. फळ्यावर हे काढायला दोन मिनिटं लागतात. पण कानात फळा कुठला?

मी त्या भागात आधी पाच मिनिटं नुसती गोष्ट सांगितली, भाव, लावण, भाव, लावण. मग म्हटलं, आता बसमध्ये असाल तर इथं थांबा. पुढचं घरी गेल्यावर, वही घेऊन ऐका. आणि मग सूचना देत गेले. एक उभी रेघ मारा, तिच्या पायापासून एक आडवी. उभीवर भाव, आडवीवर माल. डावीकडं वरनं उजवीकडं खाली येणारी रेघ मागणीची, डावीकडं खालनं उजवीकडं वर जाणारी पुरवठ्याची. दोघी जिथं एकमेकींना कापतात त्याच्या वर, उभ्या रेघेवर कुठंही एक ठिपका द्या, तो यंदाचा भाव. ठिपक्यापासून आडवं जा, पुरवठ्याची रेघ लागेपर्यंत. तिथनं सरळ खाली, मागणीची रेघ लागेपर्यंत. आता डावीकडं आडवं, पुन्हा पुरवठ्यापर्यंत. तिथनं वर, मागणीपर्यंत. पेन्सिल उचलायची नाही. प्रत्येक सूचनेनंतर मी गप्प बसले, रेघ मारायला लागेल एवढा वेळ. दुसऱ्या दिवशी वह्या पाहिल्या तर कुणाचं जाळं आत आत मिटत गेलेलं, कुणाचं बाहेर फाकत गेलेलं. दोन्ही बरोबर होती. पुरवठ्याची रेघ मागणीपेक्षा जास्त उभी असेल तर जाळं मिटतं, म्हणजे भाव हळूहळू जागेवर येतो. मागणीची रेघ जास्त उभी असेल तर ते फाकत जातं. फळ्यावरनं उतरवून घेतलं असतं तर पन्नास वह्यांत एकच जाळं आलं असतं, माझं. इथं आपलं असं का आणि शेजाऱ्याचं तसं का, हा प्रश्न मुलांनीच काढला.

आणि गंमत पुढंच आहे. आमच्या वर्गात तासगावकडचा एक मुलगा आहे, घरची द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे दोन-तीन महिने तो कॉलेजात आला तर पाहुणा. घड फुलोऱ्याच्या आधी आणि मग मणी धरल्यावर जीए या वाढीच्या औषधाच्या पाण्यात बुडवायचे असतात, त्याला तिकडं डिपिंगच म्हणतात. दिवस चुकून चालत नाही. आमची सेमिस्टर परीक्षाही नेमकी त्याच सुमाराला. हा पठ्ठ्या बागेत फोन मोकळ्या स्टीलच्या डब्यात उभा करून ठेवायचा, म्हणजे आवाज मोठा येतो, आणि माझा भाग लावायचा. दोन्ही बाजूंच्या ओळीत हातात औषधाचे मग घेऊन बायका. पूर्वी याच बागांत आकाशवाणी सांगली लागलेलं असायचं, त्यामुळं कामात कान लावायची सवय त्या माणसांना नवी नाही. मुलगा शिकत होता ते ठीक, पण कोळ्याचं जाळं सगळ्या बागेनं ऐकलं.

त्यांच्यातल्या एकीचं माहेर डिग्रजचं, कृष्णाकाठचं, हळदीच्या शिवारातलं. ती म्हणाली, "ह्या मॅडम म्हंत्यात ते बरुबर हाय, पर बेण्याचं काय? हळद म्हाग झाली की बेणंबी म्हाग हुतंय. समद्यांस्नी लावाय कुटं जमतंय?"

मुलानं हे मला जसंच्या तसं येऊन सांगितलं, तिच्या स्वरासकट. मी खुर्चीत सरळ बसले. हळदीला एकरी दहा क्विंटलच्या आसपास बेणं लागतं, आणि ते बेणं म्हणजे हळदच. भाव वाढला की लावायचा खर्चही वाढतो, म्हणून लागवड भावाच्या प्रमाणात उड्या मारत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत, पुरवठ्याची रेघ जास्त उभी होते. आणि ती उभी झाली की जाळं आत मिटतं. त्या बाईनं औषधाचा मग हातात धरून, आलेख न बघता, आमच्या वर्गातल्या अर्ध्या वह्यांचं उत्तर सांगितलं होतं. पुढच्या भागात मी ते तिच्याच शब्दांत घातलं, नाव न घेता. बागेत तो भाग दोनदा लावायला लागला असं कळलं.

हे वर्गात कधीच झालं नसतं. वर्गाला दार असतं आणि दाराच्या आत फी भरलेली मुलंच बसतात. कानातला तास मात्र कुणाच्याही कानात जातो, हे मला तोवर सुचलं नव्हतं. तेव्हापासून मी बोलताना समोर पन्नास नव्हे, पन्नास अधिक त्यांच्या आया धरते. वाक्यं आपोआप लहान झाली. 'तद्वतच' गेलं, 'उपरोक्त' गेलं. 'सीमान्त उपयोगिता' राहिली, कारण परीक्षेत ती तशीच लिहावी लागते. पण ती येण्याआधी एक वाक्य साधं येतं.

माझा सगळ्यात कडक परीक्षक मात्र बागेतला नाही. वर्गात एक दृष्टिहीन विद्यार्थी आहे. त्याच्या फोनवरचं टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, ज्या वेगानं बोलतं, तो आपल्याला नुसता खरखराट वाटतो, पण हा मुलगा त्यातलं अक्षर न् अक्षर उचलतो. माझे भाग त्याला फार सावकाश वाटतात, पण त्याची तक्रार वेगाची नाही. तो विचारतो, "मॅडम, 'इथनं असं वर' म्हणजे कुठनं कसं?" दिशा, अंतर, कशापासून कशापर्यंत, हे तो माझ्याकडनं वदवून घेतो. जाळ्याच्या भागातल्या सूचना त्याच्यामुळं तशा नेमक्या झाल्या. त्यानं स्वतः ते जाळं घरी पाटावर सुतळीनं केलं आणि बोटांनी चाचपून पाठ केलं. डोळस मुलांच्या वह्यांइतकंच नीट होतं. दोनतीन जणांच्या तर त्याहून बरं.

मूल्यांकनाच्या फाइलला यातलं काही लागत नाही. तिथं रकाना असतो, ई-साहित्य किती तयार केलं. आकडा भरला की झालं. मीही भरते.

अलीकडं आणखी एक प्रकार आलाय. गूगलच्या नोटबुकएलएम या एआय साधनात सप्टेंबर 2024 पासून आपली टिपणं टाकली की दोन आवाजांच्या गप्पांचा पॉडकास्ट तयार होऊन येतो. एका मुलानं माझीच टिपणं त्यात टाकली आणि मला ऐकवलं. एक बाई आणि एक बुवा, फर्ड्या अमेरिकी इंग्रजीत, माझ्या हळदीच्या उदाहरणावर "वॉव" म्हणतायत. मला खोटं कशाला बोलायचं, ऐकायला गोड होतं. साखळी बरोबर होती, चूक सापडली नाही. रात्रीत उजळणी करायची असेल तर मुलांनी ते खुशाल वापरावं, मी अडवत नाही. पण त्या दोघांना बेण्याचं काही माहीत नव्हतं. माझ्या टिपणांत नव्हतं ना ते.

आणि इथं मला ड्यूक विद्यापीठ आठवतं. 2004 साली त्यांनी पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुलांना, साडेसोळाशेच्या आसपास, एकेक आयपॉड फुकट वाटला. तेव्हा त्यावर बरीच टीका झाली, गाणी ऐकायला खेळणं दिलं म्हणून. वर्षानंतर त्यांनीच केलेल्या पाहणीत एक गोष्ट निघाली, ती मला सगळ्या पॉडकास्टच्या चर्चेपेक्षा मोलाची वाटते. अभ्यासासाठी मुलांनी त्या यंत्राची जी सोय सगळ्यात जास्त वापरली, ती ऐकण्याची नव्हती. रेकॉर्ड करण्याची होती. मुलाखती, क्षेत्रभेटी, वर्गातल्या चर्चा, स्वतःचं बोलणं.

म्हणून गेल्या काही सत्रांपासून मी अंतर्गत गुणांचा प्रकल्प बदललाय. चौघांचा गट, आठ मिनिटांचा एक भाग, विषय जिल्ह्यातला, आणि निदान एक माणूस असा बोलता करायचा ज्याचं पोट त्या विषयावर चालतं. इंटरनेटवरनं वाचून दाखवलं तर शून्य. सुरुवातीला मुलं बातम्या देणाऱ्यांसारखी बोलतात, "नमस्कार, आपण ऐकत आहात" वगैरे. ते दुसऱ्या भागापर्यंत जातं.

एक गट हरिपूरला गेला होता. वारणा जिथं कृष्णेला मिळते ते गाव, सांगलीला लागूनच. तिथल्या जमिनीत हळद साठवायची पेवं असत, माणूस उतरेल एवढी खोल. माती अशी, की हळद वर्षानुवर्षं त्यात राहायची, ना कीड ना रंग उतरणं. भाव नसला की पेवात ठेवायची, आला की काढायची. 2005 च्या महापुरात पाणी शिरलं आणि बरीच पेवं कामातनं गेली. हे सगळं मी वर्गात साठवणूक आणि भावातले चढउतार या धड्यात सांगते, दीड मिनिटात. मुलांनी एका म्हाताऱ्या बाबांना गाठलं. मुलीनं वहीतला प्रश्न वाचला, "पेवांमुळे शेतकऱ्याची सौदाशक्ती वाढत होती का?" बाबा म्हणाले, "आँ?"

रेकॉर्डिंगमध्ये त्यानंतर थोडी कुजबुज आहे. मग तीच मुलगी म्हणते, "म्हणजे बाबा, माल ठेवायला जागा असली की व्यापाऱ्यापुढं ताठ बोलता येत हुतं का?" आणि मग बाबा सुटलेत. पेव उघडल्यावर लगेच उतरायचं नाही, आधी कंदील सोडून बघायचा, विझला तर आतली हवा वाईट. कुणाची हळद किती साल राहिली, कुणी पोरीच्या लग्नापर्यंत ठेवली, कुणी फार वाट बघितली आणि हात चोळत बसला. भाव वाढायची वाट बघण्याचा खर्च काय असतो, हे माझ्या पुस्तकातल्या प्रकरणापेक्षा त्या चार मिनिटांत जास्त आहे. त्या मुलीला मी पूर्ण गुण दिले ते बाबांच्या बोलण्यासाठी नव्हे. वहीतला प्रश्न टाकून देऊन तिनं स्वतःचा प्रश्न केला, त्यासाठी. तो प्रश्न करायला सौदाशक्ती म्हणजे काय ते आधी आतून कळावं लागतं.

संपादन करतानाही मुलं शिकतात, आणि ते मला अपेक्षित नव्हतं. तासभराच्या मुलाखतीतनं आठ मिनिटं काढायची म्हणजे तेच बोलणं पाच-सहा वेळा ऐकावं लागतं. काय ठेवायचं यावर चौघांची भांडणं होतात. जी मुलं पाठ्यपुस्तकाचं प्रकरण एकदाही पुरतं वाचत नाहीत, ती एका हमालाचं वाक्य ठेवावं की नको यावर तास घालवतात आणि त्या ओघात 'तोलाई, म्हणजे माल तोलायची मजुरी, नेमकी कोण देतं' हे शोधायला पुस्तक उघडतात. पुस्तक उघडायला लावणं, एवढंच तर मला हवं असतं. सगळ्याच गटांचं असं होत नाही. काही भाग इतके रटाळ असतात की मीच ते दीडपट वेगानं ऐकते.

या सत्राला ढालगावकडच्या मुलींनी स्वतःचाच विषय घेतलाय, एसटीचा पास. बारावीपर्यंत मुलींना पास मोफत, कॉलेजात आल्यावर पासावर 66.67 टक्के सवलत, आणि मार्च 2023 पासून सगळ्या बायकांना तिकिटात निम्मी सूट. मग कॉलेजच्या मुलीला पास परवडतो की रोजचं अर्धं तिकीट? महिन्यात किती दिवस कॉलेजला आलं तर पास वसूल होतो? मी म्हटलं, हा तर चक्क 'ब्रेक-इव्हन' बिंदूचा, म्हणजे दोन्ही खर्च बरोबरीला येतात त्या ठिकाणाचा, प्रश्न आहे, आलेख काढा आणि कानाला कळेल असा सांगा. आकडेमोड झाली आहे. कंडक्टरची मुलाखत हवी आहे, त्यासाठी आगाराकडं परवानगीचा अर्ज द्यायचा, तो कुणी लिहायचा यावर गट अडून बसलाय. जिचं अक्षर चांगलं ती म्हणते, मी आवाज देणार, अर्ज दुसऱ्या कुणीतरी लिहा.